गाणं विकायचं की भाड्याने द्यायचं? म्युझिक इंडस्ट्रीच्या बिझनेस मॉडेलबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात राहणारा तरुण संगीतकार. सहा-सात मराठी गाणी स्वतःच्या खर्चाने केली, स्ट्रीमिंगमधून चहापाण्यापुरतेही पैसे आले नाहीत. आता एक कंपनी नव्या गाण्यासाठी ठोक चाळीस हजार देतेय. म्युझिक इंडस्ट्रीचं बिझनेस मॉडेलच गंडलंय का? ते सुधारायचं तर कुठून?"

मी बरीच वर्षं एका रेकॉर्ड कंपनीत रॉयल्टीचं काम पाहिलं. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून गीतकार-संगीतकारांना करार वाचून देतो. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

स्ट्रीमिंगचा दर कमी आहे ही तक्रार खरी आहे, पण माझ्या यादीत ती दुसरी. पैसा येतच नाही असं नाही. आयएफपीआय या जागतिक संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये रेकॉर्डेड म्युझिकचं जगभरातलं उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा स्ट्रीमिंगचा होता. पहिला दोष आपल्याकडच्या व्यवहारात आहे. गाणं रेकॉर्ड होतं त्याच दिवशी ते कायमचं विकलं जातं, आणि पुढे त्यावर कुणी किती कमावलं हे ते करणाऱ्याला दिसत नाही. उद्या स्ट्रीमिंगचा दर दुप्पट झाला तरी ज्याने गाणं विकून टाकलंय त्याच्या खात्यात एक रुपया जास्त येणार नाही.

एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. दुसरी शब्द आणि चाल. भारतात मास्टरवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, तर शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत जिवंत आहे. तुम्ही आज तिशीत असाल तर तुमच्या चालीवरचा हक्क तुमच्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत पोचू शकतो. समोरची कंपनी चाळीस हजारांत हे सगळं घेतेय. तिला हे ठाऊक आहे, तुम्हालाही असावं एवढंच.

आपल्याकडे ही सवय सिनेमातून आली. निर्मात्याने पैसे मोजले की गाणं त्याचं, असा रिवाज होताच. १९७७ मध्ये गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला: वेगळा करार नसेल तर सिनेमासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता. गायकांची अवस्था तर त्याहून वाईट. साठच्या दशकात लतादीदींनी गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला, रफीसाहेबांना ते पटलं नाही आणि दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. त्या भांडणातला मूळ मुद्दा कायद्यात यायला २०१२ उजाडावं लागलं.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात फार मोठी गोष्ट केली. सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रिकेतल्या गाण्याचा गीतकार-संगीतकार मालकी देऊ शकतो, पण रॉयल्टीतला आपला समान हिस्सा सोडू शकत नाही. सही करून दिली तरी ती सही निरर्थक. हा हिस्सा फक्त वारसांना किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गायकांनाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मिळाला. २०१७ मध्ये आयपीआरएसची नव्याने नोंदणी झाली, जावेद अख्तर अध्यक्ष झाले, आणि तिथून पैसे खरोखर वाटले जाऊ लागले.

पण कायदा दिल्लीत बदलला तरी आपल्याकडच्या स्टुडिओत अजून जुनाच कागद फिरतो. त्यात हमखास अशा थाटाचं वाक्य असतं: "सदर गीताचे सर्व हक्क, आज अस्तित्वात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण जगासाठी, कायमस्वरूपी कंपनीस प्रदान करीत आहे." वाक्य भारदस्त आहे, पण तितकं पक्कं नाही. कराराच्या वेळी जे माध्यम वापरातच नव्हतं, त्याचा करारात नेमका उल्लेख नसेल तर त्याला तो करार लागू होत नाही, असं २०१२ पासून कायदाच म्हणतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि कंपनीने हक्क घेऊन १ वर्ष काहीच केलं नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास तो हक्क तुमच्याकडे परत येतो.

शेवटची तरतूद कंपन्यांना चांगलीच ठाऊक असते, म्हणून शेवटून दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत ओळ असते: "कलम १९(४) या करारास लागू असणार नाही." माझ्याकडे करार आला की मी आधी ही ओळ शोधतो. ती खोडायला सांगितली की समोरच्याला कळतं की कागद वाचला गेलाय, आणि पुढची बोलणी जरा सुतासारखी होतात. तुमच्या कागदात ही ओळ असेल तर तिथूनच सुरुवात करा.

म्हणून मॉडेल सुधारायचं पहिलं पाऊल माझ्या मते साधं आहे. विक्री बंद, लायसन्स सुरू. घर विकणं आणि अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने देणं यात जो फरक, तोच इथे. मास्टर तुमचा, कंपनीला ५ किंवा ७ वर्षांसाठी वापरायचा हक्क, मुदत संपली की गाणं परत. अमेरिकेत १९७८ नंतर हस्तांतरित केलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागण्याची सोय कायद्यातच आहे. आपल्याकडे अशी सोय नाही, त्यामुळे मुदत करारातच घालून घ्यावी लागते. कंपनीचं म्हणणं असतं की आम्ही व्हिडिओवर, प्रमोशनवर खर्च करतो, दहा गाणी पडतात तेव्हा एक चालतं. हे खोटं नाही. जोखीम तिची असेल तर पहिली काही वर्षं मोठा वाटा तिने घ्यावा. पण स्वखर्चाने तयार झालेलं मास्टर आयतं घेऊन नुसतं चॅनेलवर टाकणारी कंपनी जोखमीची भाषा करते, तेव्हा मला हसू येतं.

दुसरं पाऊल हिशोबाचं, आणि यावर बाहेर फारशी चर्चा होत नाही. प्लॅटफॉर्म मोठ्या कंपनीला वर्षाची मिनिमम गॅरंटी देतो: तुमची सगळी गाणी आमच्याकडे, गाणी कितीही वाजोत, एवढी रक्कम नक्की. प्रत्यक्ष वाजण्याचे पैसे त्याहून कमी भरले, तर वरची शिल्लक कुठल्याच गाण्याच्या नावावर नसते. ती कुणाची? कराराने सांगितलेलं नसेल तर कंपनीची. एका कलाकाराने मला दाखवलेल्या स्टेटमेंटमध्ये वर्षभराच्या डिजिटल उत्पन्नाची एकच ओळ होती, पुढे "एकत्रित" असा शब्द आणि एक आकडा. कुठलं गाणं, कुठल्या ॲपवर, किती वेळा, काही नाही. त्या कंपनीकडे तपशील नव्हता असं समजू नका. प्लॅटफॉर्मकडून दर महिन्याला येणाऱ्या फायलीत गाण्यागणिक, देशागणिक, फुकट आणि पैसे भरणाऱ्या श्रोत्यांगणिक आकडे असतात. ती फाइल कलाकारापर्यंत जात नाही एवढंच. करारात तीन गोष्टी मागा: दर तिमाहीला गाणंनिहाय हिशोब, गॅरंटीच्या शिल्लक रकमेत वाटा, आणि वर्षातून एकदा तुमच्या सीएकडून हिशोब तपासून घेण्याचा हक्क. तिसरी अट क्वचितच वापरावी लागते. ती लिहिलेली असली की पहिली पाळली जाते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे, स्ट्रीमिंगकडे. बहुतेक ॲप महिन्याचा सगळा पैसा एका हंड्यात ओततात आणि एकूण वाजण्याच्या प्रमाणात वाटतात. समजा दोनच श्रोते आहेत, दोघेही १०० रुपये भरतात. एक कॉलेजकुमार महिन्यात ९०० वेळा हिट गाणी वाजवतो. दुसऱ्या एक काकू, त्या फक्त एकाच गायिकेची नाट्यगीतं १०० वेळा ऐकतात. ॲपने आपले ३० टक्के कापले की २०० मधले १४० उरले. हंड्याच्या पद्धतीत त्या गायिकेच्या गाण्यांना १४ रुपये. म्हणजे काकूंच्या १०० रुपयांतले बहुतेक पैसे त्यांनी कधी न ऐकलेल्या गाण्यांना गेले. प्रत्येकाचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच द्यायचे असं ठरवलं तर त्याच गाण्यांना ७० रुपये.

मराठीसारख्या भाषेसाठी हा फरक मोठा आहे, कारण आपला श्रोता वयाने जरा मोठा, निवडक ऐकणारा, आणि दिवसभर ॲप चालू ठेवणारा नसतो. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये छोट्या कलाकारांसाठी ही श्रोतानिहाय वाटणी सुरू केली. डीझरने २०२३ मध्ये फ्रान्सपासून मधला मार्ग काढला, ज्यात खरे श्रोते असलेल्या कलाकारांच्या वाजण्याला जास्त वजन मिळतं. स्पॉटिफाय मात्र २०२४ पासून उलट दिशेला गेलं: १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा पैसाच नाही. तुमच्या काही गाण्यांचं हेच झालं असणार.

श्रोतानिहाय वाटणीने सगळे श्रीमंत होतील असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे बहुतांश लोक फुकट ऐकतात, आणि जाहिरातींचा हंडा मुळातच लहान. मिनिमम गॅरंटी घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही ही पद्धत नको असते. पण एखाद्या भारतीय ॲपने निदान प्रादेशिक भाषांसाठी ती करून पाहावी. नाहीतरी निव्वळ फुकट-फुकट करून काय साधलं? गाना हे ॲप २०२२ मध्ये फक्त पैसे भरणाऱ्यांपुरतं उरलं, रेसो २०२४ च्या जानेवारीत बंद झालं, त्याच वर्षी एअरटेलने विंक गुंडाळलं. त्याआधी कॉलर ट्यूनच्या जोरावर कंपन्या फुगल्या होत्या. टेलिकॉमवाले मोठा वाटा आधीच कापून घेत, आणि २०११ नंतर ग्राहकाची स्पष्ट संमती सक्तीची झाली तसा तो फुगा बसला. दर वेळी सगळी भिस्त एका दारावर, आणि दार दुसऱ्याच्या मालकीचं.

आता एक गोष्ट जी कुणीही धोरण न बदलता उद्या सकाळी करू शकतं. नावं नीट भरा. हसू नका, इथे फार पैसा गळतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी असतो, आणि शब्द-चालीला वेगळा क्रमांक, आयएसडब्ल्यूसी. रेकॉर्डिंगचा पैसा गाणी ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमार्फत येतो, शब्द-चालीचा आयपीआरएसमार्फत. आयपीआरएसकडे गाण्याची नोंदच नसेल तर तो पैसा तुमची वाट बघत पडून राहतो आणि काही काळाने इतरत्र वाटला जातो. त्यात आपली नावं रोमन लिपीत लिहायची म्हणजे रोज नवी तऱ्हा. एकाच गीतकाराचं नाव एका गाण्यावर एका स्पेलिंगने, दुसऱ्यावर दुसऱ्या, तिसऱ्यावर नुसतं टोपणनाव. मशीनच्या दृष्टीने ही तीन माणसं. आयपीआरएसचं सभासद झाल्यावर तुमच्या ओळखीचा म्हणून मिळणारा आयपीआय क्रमांक प्रत्येक नोंदीत घाला, आणि गाणं संपलं की स्टुडिओतच वाटणीचा कागद करा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, सह्या. मित्र-मित्र असतानाच करा. गाणं चाललं की मैत्रीची व्याख्या बदलते.

यूट्यूबवर हाच घोळ वेगळ्या रूपात येतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका भजन-अभंग गाणाऱ्यांना बसतो. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचाही हक्क नाही. पण त्याच अभंगाला विसाव्या शतकात कुणी लावलेली चाल आणि कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग, यांवर तो अजून असू शकतो. एखादी मंडळी स्वतःच्या चालीत, पखवाज-पेटीवर अभंग गाऊन पालखी निघायच्या सुमारास व्हिडिओ टाकतात, आणि कंपनीचा आपोआप क्लेम येतो, म्हणजे गाणं आमचं आणि त्यावरचा पैसाही आमचा असा दावा. हरकत घेतली की उत्तर द्यायला क्लेम करणाऱ्याला ३० दिवस मिळतात. आषाढीच्या गाण्याचा हंगाम तेवढाच. क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत हरकत घेतली तर सुरुवातीपासूनचा पैसा अडवून ठेवला जातो आणि जिंकणाऱ्याला मिळतो. उशीर केला तर तोवरचा गेला. बहुतेक मंडळी हरकत घेतच नाहीत, त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. माझ्या मते पारंपरिक रचनांवर वारंवार खोटे क्लेम करणाऱ्या खात्याची आपोआप क्लेम करायची सोय काही काळ काढून घ्यावी. तोवर तुमच्या हातात एवढंच: व्हिडिओच्या वर्णनात "शब्द: पारंपरिक, चाल आणि ध्वनिमुद्रण: आमचे" असं लिहा, आणि स्टुडिओच्या मूळ फायली तारखेसकट जपा.

सार्वजनिक वाजवण्याचा पैसा हा आपल्याकडचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. हॉटेलवाल्याला गाणी वाजवायची तर शब्द-चालीसाठी आयपीआरएस वेगळी, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल वेगळी, नोव्हेक्स वेगळी. कुणाला कशाचे किती द्यायचे हे त्यालाही कळत नाही, मग तो कुणालाच देत नाही किंवा चिडून देतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०१९ पासून एकाच खिडकीवर एकच परवाना मिळतो, आतली वाटणी संस्था आपापसात करतात. आपल्याकडे हे झालं तर वसुली वाढेल आणि भांडणं कमी होतील. भांडणं किती आहेत ते गोव्यात दिसलं. कायद्यात लग्नविधी आणि त्याच्याशी जोडलेल्या समारंभांना सूट आहे, पण ती कुठवर ताणायची यावर वाद. गोवा सरकारने २०२४ मध्ये लग्नातल्या गाण्यांवर रॉयल्टी मागू नये असं परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधलं तीन दिवसांचं लग्न आणि गावच्या मांडवातली हळद एकाच मापाने मोजू नयेत, पण सरकारी परिपत्रकाने कायदा बदलत नाही हेही खरं.

याच खात्यात जुन्या मराठी गाण्यांचे कार्यक्रम येतात. नाट्यगृह भरतं, तिकीट तीनशे ते पाचशे, वादकांना मानधन मिळतं, निवेदकालाही. ज्यांची चाल वाजतेय त्यांना? आयोजकाने आयपीआरएसचा परवाना घेतला तरी वाजलेल्या गाण्यांची यादी नीट जात नाही, आणि यादीशिवाय पैसा नेमक्या माणसापर्यंत पोचत नाही. ही यादी कार्यक्रमाच्या आधी निवेदकाच्या हातात असतेच. तिचा फोटो पाठवायचं साधं ॲप आणि नाट्यगृहाच्या बुकिंगला ती जोडायची सक्ती, एवढ्याने पुष्कळ होईल. महापालिकांची नाट्यगृहं हे नियमाने करू शकतात.

थेट श्रोत्याकडून पैसा घेण्याबद्दल आपण उगाच संकोचतो. आपल्या लोककलांचा धंदा कायम थेटच चालला. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, यात्रेची सुपारी तिथेच ठरते, विसार तिथेच दिला जातो. कलाकार आणि गिऱ्हाईक समोरासमोर. रेकॉर्डेड गाण्याला ही सवय आपण लावलीच नाही. बँडकॅम्प या वेबसाइटवर परदेशी कलाकार अल्बम स्वतः विकतो, कंपनी साधारण १५ टक्के घेते, श्रोता हवं तर जास्तही देतो. मराठी श्रोता पैसे देत नाही हे मला पटत नाही. सारेगामाने २०१७ मध्ये कारवां काढला, ५,००० गाणी भरलेला डबा, पाच-सहा हजार रुपयांना. त्यातलं जवळपास प्रत्येक गाणं यूट्यूबवर फुकट होतं. तरी लोकांनी आईवडिलांसाठी घेतला, कारण शोधाशोध न करता बटण दाबलं की गाणं लागत होतं. परदेशातली महाराष्ट्र मंडळं कार्यक्रमासाठी विमानाची तिकिटं काढतात. त्यांच्या सभासदांना वर्षभराची नवी गाणी, चालीमागची गोष्ट, नोटेशन असं काही वर्गणीवर दिलं तर शे-दोनशे घरं नक्की मिळतील. शे-दोनशे घरांची वर्गणी आणि लाखभर स्ट्रीम यांची बेरीज करून बघा, मग कुठे वेळ घालवायचा ते ठरवा.

आता तुमचे चाळीस हजार. गाण्याचा खर्च कंपनी करत असेल तर घ्या, पण ७ वर्षांच्या लायसन्सवर, शब्द-चालीचा हिस्सा आयपीआरएसमार्फत थेट तुम्हाला, गाणंनिहाय हिशोब तिमाहीला, आणि कलम १९(४) ची ओळ खोडून. खर्च तुमचाच असेल तर मुदत ३ वर्षांवर आणा आणि चाळीस हजार हा उत्पन्नावरचा ॲडव्हान्स आहे, गाण्याची किंमत नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. ते म्हणतील आमचा छापील करार बदलत नाही. बदलतो, मी बदललेला पाहिलाय. तीन वेळा विचारूनही नाहीच म्हणाले, तर हे गाणं तुमच्याच चॅनेलवर टाका आणि त्यांना पुढच्या वेळी एखादं असं गाणं द्या, जे कायमचं गेलं तरी तुम्हाला चालेल. सही करायच्या आधी आयपीआरएसचा सभासदत्वाचा अर्ज मात्र भरून टाका. जुनी सहा-सात गाणीही तिथे नोंदवायची राहिली असणार.